कावळ्याचा निरोप

मोतीरामच्या डोक्यात शर्यतीचं खूळ भरलं ते वामनरावांमुळे, आणि वामनरावांच्या डोक्यात ते कुठून आलं हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि चिखलीत जो तो काहीतरी नवीन काढायला निघाला होता. कोणी वाचनालय काढलं, कोणी भजनी मंडळाचं नाव बदलून सांस्कृतिक मंडळ केलं. वामनरावांची तालीम होती, म्हणून त्यांनी सव्वीस जानेवारीला शर्यत ठेवली. तीही साधी नाही. आधी गावाबाहेरचं तळं पोहून पार करायचं. पलीकडच्या काठावर आपापली सायकल उभी असेल, तिच्यावर ओल्या अंगानंच टांग टाकायची आणि मेहकरच्या रस्त्यानं दूरच्या धर्मशाळेला शिवून परत तळ्यावर यायचं. मग सायकल तिथेच टाकून, शेताशेतातून मोठा वळसा घेत मारुतीच्या देवळापर्यंत पळायचं. मधे बसायचं नाही, टेकायचं नाही. वामनरावांनी तिला 'त्रिविध क्रीडा स्पर्धा' असं भारदस्त नाव दिलं होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी तिची 'तिपेडी शर्यत' करून टाकली आणि वामनराव सोडून सगळे तेच म्हणू लागले.

मोतीराम अमडापूरजवळच्या माळ्यांच्या वस्तीतला. बाप लहानपणीच गेलेला, भाऊबहीण नाही. घरात तो आणि त्याची माय मंजुळाबाई. मळ्यात मेथी, वांगी, मिरची लावायची, माय-लेकांनी मिळून तोडायची, आणि मोतीरामनं टोपली सायकलवर बांधून चिखलीच्या बाजारात न्यायची. म्हणजे तिपेडीतला सायकलचा पेड त्याच्या अंगवळणी पडलेलाच होता. पळण्याचं म्हणाल तर वस्तीतली सगळीच पोरं कोणाच्या तरी मळ्यातून पळतच मोठी झाली होती. राहिलं पोहणं. ते त्याला मायनंच शिकवलं होतं. पाठीवर वाळका भोपळा बांधायची, विहिरीत ढकलून द्यायची आणि काठावर पदर खोचून उभी राहायची. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. पोरगं गटांगळ्या खायला लागलं तर ती काय करणार होती देव जाणे, पण ती उभी आहे म्हटल्यावर मोतीराम कधी बुडाला नाही.

शर्यतीचं ऐकून सगळी वस्ती हसली. मंजुळाबाई मात्र हसली नाही. "पहिला येशीन का?" एवढंच तिनं विचारलं. "येईन," तो म्हणाला. मग तिनं ती शर्यत आपलीच मानली.

पहाटे तो विहिरीत उतरायचा आणि भिंतीला हात लावत गोल गोल पोहायचा. ती काठावर बसून मेथीच्या जुड्या बांधायची आणि तो दमून कडेला आला की म्हणायची, "मेथी सरली नाई अजून. पोह्य." तिची मेथी संपेपर्यंत त्याची सुटका नव्हती. ओल्या चड्डीनं सायकल हाणून त्याच्या मांड्या सोलून निघाल्या तेव्हा तिनं आपलं हिरवं लुगडं फाडलं, त्याची गादी करून सायकलच्या सीटला शिवून टाकली. सगळ्यात वाईट असायचं ते सायकलवरून उतरून लगेच पळणं. पाय आपले राहत नाहीत, गुडघे भलतीकडेच जातात. संध्याकाळी तिळाचं तेल चोळताना ती त्या पायांना दटावायची, "उतरले ना आता सायकलवरून? मंग ऐका माह्या पोराचं." आणि आश्चर्य असं की पाय हळूहळू ऐकू लागले.

पहिल्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी मोतीराम चिखलीला तालमीत मुक्कामाला गेला आणि इकडे घोटाळा झाला. मंजुळाबाई मळ्यात वाकून मेथी उपटत होती. कुठून तरी एक कावळा आला आणि थेट तिच्या डोक्यावर बसून उडाला. पिंडाला शिवणारा पक्षी जित्या माणसाच्या डोक्याला शिवला की काय समजायचं हे त्या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. त्यावर उपायही ठरलेला. ज्याला कावळा शिवला तो मेला असा खोटा निरोप परगावच्या जिवाभावाच्या माणसाला धाडायचा. ते माणूस खरं समजून रडलं की मरण तेवढ्या रडण्यावर समाधान मानतं आणि परत जातं. निरोप खोटा आहे हे मात्र रडणाऱ्याला आधी कळता कामा नये. खोटं रडू मरणाला चालत नाही.

शेजारची म्हातारी केसरबाई बांधावरून ओरडली, "बाप्पा! कावळा शिवला वं मंजुळे! धाड कोठी तरी निरोप."

"कोनाले धाडू?" मंजुळाबाई मटकन खाली बसली होती. "माहेरी कोनी राह्यलं नाई. माह्यासाठी रडाले एकटा मोतीराम."

"मंग त्यालेच धाड."

मोतीरामच्या वयाचाच त्याचा चुलतभाऊ दयाराम दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं चिखलीला गेला. असल्या कामाला दयारामसारखा माणूस नाही. चेहरा कायमचा सुतकी, त्यामुळे निराळं सोंग करावं लागत नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावर मोतीरामच्या सायकलजवळ जाऊन तो बसला. भूक लागली म्हणून सायकलला अडकवलेलं मोतीरामचं फडकं सोडलं आणि त्यातली गूळ-भाकरी खाऊन टाकली. मोतीराम पाण्यातून सगळ्यांच्या आधी बाहेर आला तेव्हा त्यानं तोंड पुसलं आणि सांगितलं, "मोतीराम, काकू गेली रे."

"काय म्हन्तं बे?"

"गळ्याची शप्पथ. पहाटे गेली."

मोतीरामनं सायकल उचलली. मेहकरचा रस्ता उजवीकडे राहिला आणि तो अमडापूरच्या रस्त्याला लागला. उघड्याबंब अंगानं, धाय मोकलून रडत, भर दुपारी. बैलगाडीवाले गाड्या थांबवून मागे वळून बघत होते. घरी पोचला तर माय ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती.

तो तिथेच मातीत बसला. ती धावत आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. हसतही होती आणि रडतही होती. "रडला ना रे? खरं रडला ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. काय झालं ते समजायला मोतीरामला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्याचं टाळकंच फिरलं.

"वरसभर घासलो म्या! पह्यला निघालो होतो पान्यातून! तुले शर्यतीहून कावळा मोठा झाला?"

"माह्यासाठी रडाले दुसरं हाये कोन, बाप्पा?"

"पुन्हा असा निरोप धाडला ना," तो ओरडला, "तर खरी मेली तरी येनार नाई मी."

रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो, आणि माय ते ऐकून घेते. मंजुळाबाईनंही ऐकून घेतलं. "नको येजो," म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली. चार दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी पहाटे तो विहिरीत उतरला तेव्हा ती मेथीचं टोपलं घेऊन काठावर आली होती.

या गोष्टीनं चिखलीत मात्र वर्षभर करमणूक केली. मोतीराम बाजारात दिसला की कोणी तरी विचारायचंच, "काय मोतीराम, कावळा काय म्हन्ते?" वामनरावांनी समजूत घातली, पण समजूत घालताना त्यांनाही हसू आवरलं नाही. मोतीरामनं सगळं मुकाट गिळलं. पुढच्या सव्वीस जानेवारीला पहिलं यायचं आणि एका दमात सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढं एकच त्याच्या मनात उरलं.

दुसरं वर्ष आलं. आदल्या दिवशी तालमीत मुक्कामाला निघताना त्यानं मायला उंबऱ्यात उभं केलं. "हे पाह्य माय. यंदा कावळा शिवो नाही तर घार शिवो. निरोप धाडाचा नाई."

"नाई धाडत."

"शप्पथ?"

"तुह्यी शप्पथ. बस?" तिनं सायकलच्या गादीचा उसवलेला टाका दातानं तोडला आणि सीटवर थाप मारली. "पह्यला येजो."

सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि पाणी अंगाला चावत होतं. मोतीराम पोहत सुटला. विहिरीत गोल फिरणाऱ्या माणसाला तळं म्हणजे मोकळं रान. काठाला लागला तेव्हा मागचा गडी अजून निम्म्यात होता. तो धापा टाकत बाहेर आला, पाणी झटकलं, सायकलकडे वळला, आणि बघतो तर सायकलजवळ दयाराम.

दयाराम उठून उभा राहिला. डोक्याला पागोटं नव्हतं. "मोतीराम," तो म्हणाला, "काकू गेली रे."

मोतीरामनं झडप घालून सायकलचं हँडल धरलं. मग त्याला मागचं वर्ष आठवलं आणि त्यानं ते सोडलं. मायनं शब्द मोडला म्हणून त्याला रागही आला, पण तो टिकला नाही. म्हातारी घाबरली असेल. पुन्हा कुठून तरी कावळा आला असेल आणि केसरबाईनं तिला भरीला घातलं असेल. आता कोणी रडलं नाही तर तिला रात्रभर झोप लागायची नाही.

"गळ्याची शप्पथ घे," मोतीराम म्हणाला.

"घेतो. खरंच सांगून राह्यलो, भाऊ. चाल घरी."

"मागच्या सालीही खरंच सांगत होता बे तू."

काठावर उभे असलेले लोक आता खोखो हसायला लागले होते. गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. "यंदाही कावळा का हो?" वामनराव लांबून ओरडले. दयारामनं मोतीरामचा दंड धरला. तो काही तरी बोलत होता, पण एवढ्या हसण्यात ते कोणाला ऐकू येणार?

आणि मग मोतीरामनं जे केलं ते त्यानं प्रेमानंच केलं, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. मायचं समाधान होऊ दे, असं त्याच्या मनात आलं. त्यानं दोन्ही हात कपाळावर मारले, तोंड आभाळाकडे केलं आणि गळा काढला, "अगं माय वं! गेली वं माह्यी माय! मले सोडून गेली वं!" असा लांबलचक, चढत्या सुरात, वस्तीतल्या बाया काढतात तसा. काठावरची माणसं हसून हसून वाकली. मोतीरामनं डोळे पुसले, दयारामला डोळा घातला आणि सायकलवर टांग टाकली.

"झालं? आता जाय. तिले सांग, पोटभर रडला म्हून. अन् भाकरी टाकून ठेव म्हना, पह्यला येऊन राह्यलो!"

दयाराम त्याच्यामागे थोडा पळाला. मग थांबला.

मेहकरचा रस्ता मोतीरामच्या बाजूनं होता. वारा पाठीमागे, अंगाखाली मायची गादी, मागे कोणी दिसत नव्हतं. धर्मशाळेला शिवून परत फिरल्यावर मागचा गडी समोरून भेटला तेव्हा मोतीरामनं त्याला हात केला. इतका आनंद त्याला वर्षभरात झाला नव्हता. घरी गेल्यावर मायला कसं चिडवायचं, तिच्यासमोर तोच गळा पुन्हा कसा काढून दाखवायचा, याचे बेत करत तो तळ्यावर आला आणि सायकलवरून उडी मारली.

दयाराम अजून तिथेच होता. चिंचेखाली गुडघ्यात मान घालून बसला होता. तालमीतला कोणी तरी त्याच्यापुढे चहाची कपबशी धरून उभा होता. दयारामनं मान वर न करता हात आडवा केला. एवढं मोतीरामनं पाहिलं आणि तो पळायला लागला. पाय नेहमीप्रमाणे भलतीकडे जात होते. थोड्या वेळानं त्यांनी ऐकलं.

शेतातून वाट होती, दोन्ही अंगांना हरभरा. दयाराम गेला कसा नाही, असं त्याच्या मनात आलं. निरोप दिला, रडणं झालं, मग एवढा वेळ बसायचं काय कारण? बसला असेल शर्यत बघायला. मोतीराम पळत राहिला. पण चहा का घेतला नाही? एवढ्या थंडीत सकाळपासून आलेला माणूस, आणि तोही दयाराम. मागच्या वर्षी यानंच निरोप देण्याआधी माझी गूळ-भाकरी संपवली होती. खाणं समोर आल्यावर नाही म्हणणाऱ्यातला दयाराम नव्हे. एकच वेळ अशी असते की तोंडात पाण्याचा घोटही घेत नाहीत. घरात प्रेत असलं, अन् ते उचलायचं राहिलं असलं, की.

मोतीराम थांबला.

समोर मारुतीच्या देवळाचा झेंडा दिसत होता. ढोल ऐकू येत होता. तो उभाच राहिला. बऱ्याच वेळानं मागचा गडी धापा टाकत त्याच्यापाशी आला. "काऊन थांबला बे? पायात गोळे आले का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो पुढे पळाला. मोतीरामनं देवळाकडे पाठ केली आणि आल्या वाटेनं धावत सुटला.

चिंचेखाली कोणी नव्हतं. दुपारच्या मोटारीनं दयाराम निघून गेला होता. मोतीरामनं सायकल उचलली आणि अमडापूरचा रस्ता धरला. मागच्या वर्षी या रस्त्यानं तो रडत गेला होता. या वर्षी रडू येईना. 'खोटं असन, खोटं असन' एवढंच तो पायडलागणिक म्हणत होता. ती ओट्यावर बसलेली असू दे. जुड्या बांधत असू दे. पुन्हा फसवलेलं असू दे, सगळ्या चिखलीनं जन्मभर हसू दे. मी एका शब्दानं रागावणार नाही. तिच्या पाया पडेन. आयुष्यात कोणत्या देवाकडे त्यानं इतकं कळवळून काही मागितलं नव्हतं.

ओट्यावर मेथी होती. थोड्या जुड्या बांधलेल्या, बाकीची मेथी तशीच पसरलेली, उन्हानं मलूल झालेली. घरातून बायांचा आवाज येत होता. तो उतरला नाही. वस्तीपलीकडच्या नाल्याकडून धूर वर चढत होता, तिकडे त्यानं सायकल वळवली.

चिता चांगलीच पेटली होती. मडकं दयारामनं धरलं होतं, अग्नीही त्यानंच दिला होता. तो ओलेत्यानं उभा होता. मोतीरामला पाहून माणसं बाजूला झाली. छातीवर शर्यतीच्या नंबराचं फडकं, अंगात अर्धी चड्डी, असा तो आगीसमोर येऊन थांबला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "लय थांबलो, पोरा. दिवस कलाले लागला, मंग थांबता नाई आलं."

परत फिरताना दयारामनं खालच्या आवाजात सांगितलं. काल संध्याकाळी ओट्यावरच तिच्या छातीत कळ आली. "म्या म्हनलं, आत्ताच निघतो चिखलीले, आनतो त्याले. तर हात धरला काकूनं. म्हने, नको जाऊ. शप्पथ घातली हाये त्यानं. त्याले वाटन, पुन्हा कावळा शिवला. अन् खरं वाटलं तर शर्यत सोडून येईन बिचारा. पह्यला येऊ दे त्याले." दयारामनं ओल्या धोतराचा सोगा पिळला. "पहाटे गेली. मंग म्या ऐकलं नाई तिचं."

मोतीरामनं सायकल ओट्याशी टेकवली.

घरी ओटीवर बाया बसल्या होत्या. तो आत आला तशी केसरबाई उठली आणि त्याच्या गळ्यात पडली. "रड रे बाप्पा," ती म्हणाली. "रडून घे. तुयाबिगर कोन रडन तिच्यासाठी? तिले रडनारा तू एकटाच."

छाती फुटायला आली होती. त्यानं तोंड उघडलं आणि गळ्यातून आवाज निघाला. तोच. लांबलचक, चढत्या सुराचा, सकाळी तळ्यावर काढलेला. तो त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पुन्हा उघडायची त्याची छाती होईना. दुसरा आवाज त्याच्यापाशी राहिलाच नव्हता.

तो भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोपऱ्यातली एक दुसरीच्या कानाशी लागली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "पाह्य वं. येवढं लाडाचं लेकरू, अन् डोयाले पानी नाई."

दारात दयाराम उभा होता, तसाच ओला, थंडीनं कुडकुडत. त्याचा तो कायमचा सुतकी चेहरा बायांकडे वळला.

"रडला तो," दयाराम म्हणाला. "सकायीच रडला. तळ्यावर, सगळ्या लोकायसमोर. म्या पाह्यलं."

"खरं रडला का?" केसरबाईनं विचारलं.

दयारामनं मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम खाली बघत होता.

"गळ्याची शप्पथ," दयाराम म्हणाला.

केसरबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग बरं झालं," ती म्हणाली आणि मोतीरामजवळ जाऊन बसली.